रुळलेलं पोट

घाण वास आला की माणूस नाकाला रुमाल लावतो, त्यात गैर काही नाही. मोरी तुंबली, लावावा. कपाटामागे उंदीर मेला, लावावा. पण जिने उभा जन्म आपले घामट मोजे धुतले त्या बायकोला परक्या माणसांसमोर एक आंबट ढेकर आला, म्हणून नवऱ्याने खिशातून घडीचा रुमाल काढावा, नाकाला लावावा आणि मोकळ्या हाताने, ताटावरची माशी हाकलावी तसं, तिला आत पिटाळावं, याला काय म्हणतात ते थोरलीला पक्कं ठाऊक होतं. शब्द जिभेवर आलाही होता. तिने तो गिळला, कारण समोर वर्तमानपत्रातून आलेली मुलगी वही उघडून बसली होती आणि तिच्याबरोबरचा फोटोवाला उजेडासाठी खिडकीचे पडदे मागेपुढे करत होता.

"चहाचं बघते," असं काहीतरी पुटपुटत धाकटी उठली आणि भिंतीला धरत धरत आत गेली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा दिसत होता. गुडघे दुखत असतील, थोरलीला वाटलं. हल्ली ती भिंत सोडून चालतच नव्हती.

रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवत डॉक्टर मुलीकडे पाहून हसले. "वय झालं की माणसाचं असं होतं," ते म्हणाले. स्वतःचं वय त्यांनी मोजलं नाही.

त्यांना सगळं शहर डॉक्टर म्हणे, पण कुणा आजाऱ्याची नाडी त्यांनी कधी धरली नव्हती. ते औषधांचे डॉक्टर. औषध पोटात गेलं की पुढे कुठे जातं, काय करतं, किती दिलं तर तारतं आणि किती दिलं तर मारतं, हे नीट तपासून दाखवणारा इथला पहिला माणूस, अशी त्यांची ख्याती. त्यांच्याआधी वैद्याने सांगितलं की औषध चांगलं, आणि आजारी मेला की त्याचं नशीब वाईट. डॉक्टरांनी हा कारभार मोडला. उद्या मोठ्या सभागृहात त्यांचा सत्कार होता, म्हणून आज घरात ही वर्दळ.

थोरली त्यांची वहिनी. धाकटी त्यांची बायको, आणि थोरलीच्या पाठची बहीण. दोन बहिणी दोन भावांच्या घरात आल्या होत्या. धाकटीचं स्थळ जमवलं ते थोरलीनेच. आईला तिने सांगितलं होतं, "मुलगा हुशार आहे, निर्व्यसनी आहे. बेडूक सोडले तर कशाचा नाद नाही." थोरलीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घर थोरलीच्या शब्दावर चालत होतं आणि थोरलीचा शब्द कुणाच्याच शब्दावर चालत नव्हता.

"आजी, तुम्ही बसा ना इथेच," मुलगी म्हणाली. "तुम्ही डॉक्टरांचं काम जवळून पाहिलं असेल."

"जवळून?" थोरली म्हणाली. "अगं, माझ्या न्हाणीघरात पाहिलंय!"

मुलगी हसली. डॉक्टरही हसले, पण त्यांच्या खुर्चीचा वेत करकरला.

खोटं काय होतं त्यात? डॉक्टरांना सरकारी खोली मिळायच्या आधी सगळं काम घरातच चालायचं. न्हाणीघरातल्या हौदात बेडूक. थोरली अंघोळीला गेली की आधी बादलीत हात घालून बघायची, मगच तांब्या बुडवायची. एकदा तांब्यातून डोक्यावर ओतलं ते पाणी खांद्यावर बसून राहिलं आणि ओरडलं. त्या दिवशी तिने दिराला असं काही सुनावलं की शेजारच्या बायका गच्चीवर ऐकायला आल्या. मागच्या खोलीत गिनीपिग. त्यांच्या मुताचा वास कपड्यांना, उशांना, पावाला. त्यातलं एक मारून त्याच्या आतड्याचा बोटभर तुकडा डॉक्टर काचेच्या नळीत टांगायचे. नळीत कोमट मिठाचं पाणी, वरून औषधाचा थेंब. थेंब पडला की मेलेल्या जनावराचं ते आतडं गांडुळासारखं आवळायचं, सैल व्हायचं, परत आवळायचं. थोरलीने पहिल्यांदा पाहिलं आणि तशीच मोरीकडे धावली. तीन दिवस तिच्या घशाखाली धड अन्न उतरलं नाही.

पण आतड्याला बांधलेला दोरा वर एका काडीला, आणि ती काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढायची. आतडं आवळलं की रेघ वर, सैल झालं की खाली. कागद गोल नळकांड्यावर गुंडाळलेला आणि नळकांडं आपोआप फिरणारं. ते फिरवायचं यंत्र थोरलीच्या नवऱ्याने एका मोडक्या भिंतीवरच्या घड्याळातून बनवलं होतं. आणि कागदाला काजळी कोण धरायचं? थोरली. रॉकेलच्या दिव्यावर कागद धरायचा, सगळीकडे सारखा काळा झाला पाहिजे, जळता कामा नये. शिसारी येऊनही ती करायची, कारण तिच्या हातचा कागद सगळ्यांत एकसारखा यायचा आणि दुसऱ्या कुणाचं काम आपल्याहून बरं झालेलं तिला खपत नसे.

"एक सांगते," ती मुलीला म्हणाली. "तेव्हा हे खरे होते. केसभरही इकडचं तिकडे नाही. एकदा असे ढीगभर कागद तयार झाले होते, बेडकाच्या काळजाचे. महिन्याचं काम. मग कळलं की त्यातला एक बेडूक उपाशी राहिला होता, यांच्या हाताखालच्या कंपाउंडरने त्याला खायला घातलंच नव्हतं. उपाशी बेडकाचं काळीज वेगळं चालतं म्हणे. यांनी सगळेच्या सगळे कागद चुलीत घातले. मी म्हटलं, अहो, तो एक बाजूला काढा की. तर म्हणाले, वहिनी, कोणत्या कागदावर तो होता ते आता कोण सांगणार? जेवले नाहीत त्या दिवशी."

मुलीने भराभर लिहून घेतलं. डॉक्टरांनी मान खाली घातली, स्तुती ऐकताना माणसं घालतात तशी.

थोरली हे उगाच सांगत नव्हती. त्या चुलीत गेलेल्या कागदांवर तिने पुढे फार मोठा विश्वास टाकला होता.

"आणि ती खडूची गोष्ट!" मुलगी एकदम म्हणाली. "ती सांगा ना, डॉक्टर. आम्हाला शाळेच्या पुस्तकात होती. त्यातल्या वहिनी म्हणजे याच का?"

डॉक्टरांची नजर क्षणभर थोरलीकडे आली आणि परत फिरली. पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली तर न ऐकल्यासारखं करून पुढे जावं, तशी.

"याच त्या," ते म्हणाले.

"पुस्तकात?" थोरली म्हणाली. "मी पुस्तकात आहे आणि मलाच पत्ता नाही?"

मग डॉक्टरांनी गोष्ट सांगितली. हळू, ठाशीव, कुठे थांबायचं आणि कुठे लोक हसतात ते माहीत असलेल्या आवाजात. एका रानटी झाडाच्या मुळीतून त्यांनी एक भुकटी काढली होती. तिच्यामुळे सांधेदुखी उतरत होती. पण उतरते असं आजारी म्हणतो म्हणून उतरते, की खरंच उतरते? हे तपासायला त्यांनी गल्लीतल्या गुडघे धरलेल्या बायका जमवल्या. प्रत्येकीला सारखी पत्र्याची डबी, सारख्या गोळ्या. निम्म्या डब्यांत भुकटीच्या गोळ्या आणि निम्म्यांत नुसता खडू, वरून तोच कडू लेप. कुठल्या डबीत काय, ते फक्त कंपाउंडरला ठाऊक. बायकांना नाही, डॉक्टरांनाही नाही. इथे असं कुणी आधी केलं नव्हतं.

"आणि आमच्या वहिनी," डॉक्टर म्हणाले, "महिन्याभरात शिडीवर चढून माळा झाडायला लागल्या. गल्लीभर सांगत सुटल्या, काय गोळी आहे, काय गोळी आहे! शेवटी डब्यांचं गुपित उघडलं तर काय? वहिनींनी तीन महिने खडू खाल्ला होता!"

मुलगी खळखळून हसली. फोटोवाला पडद्यामागून हसला. थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला रागापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं. इतकी वर्षं झाली, आणि हा माणूस तिच्याच घरात, तिच्याच तोंडावर, हे सांगतोय?

कारण थोरलीने खडू खाल्ला नव्हता. खाल्ला असेल तर सुरुवातीचे थोडे दिवस.

तेव्हा घडलं होतं ते असं. थोरलीच्या गुडघ्यांना सुरुवातीला बरं वाटलं, हे खरं. का वाटलं देव जाणे, डॉक्टर म्हणतात तसंच असेल. पण धाकटीला गोळी बाधली. छातीत जळायचं, तोंडाला आंबट पाणी सुटायचं. आणि एक दिवस थोरली न्हाणीघरात तिच्या पाठोपाठ गेली आणि दारातच थांबली. जे पडलं होतं ते पोटातलं रक्त होतं, काळं, डांबरासारखं चिकट, आणि वास असा की तिने असला वास गिनीपिगच्या खोलीतही घेतला नव्हता.

त्या दिवशी जेवताना तिने दिराला सांगायला सुरुवात केली. "भाऊजी, धाकटीचं पोट..."

डॉक्टरांनी खरोखर दोन्ही कानांत बोटं घातली. "वहिनी, मला सांगू नका! कुणाला काय होतंय ते मला कळता कामा नये. कळलं की माझी नजर भेद करणार. सगळं काम नासेल."

"अहो, ती तुमची बायको आहे."

"हे तीन महिने ती माझी बायको नाही," डॉक्टर म्हणाले. "ती एक डबी आहे."

धाकटीसमोर म्हणाले. धाकटीने मान हलवली, अगदी बरोबर आहे अशी. ती तसलीच. नवऱ्याने उन्हाला चांदणं म्हटलं तर ही शाल पांघरणार.

थोरली कंपाउंडरकडे गेली. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "बाई, मी टिपून ठेवलंय. वेळ आली की डब्या उघडतील, तेव्हा सगळं कळेल."

"तोवर ती टिकली पाहिजे ना, मेल्या!"

"माझ्या तोंडाला कुलूप आहे, बाई."

मग थोरलीने आपलं डोकं चालवलं. माझी गोळी मला मानवते, हिची हिला मानवत नाही. चप्पल चावायला लागली की बहिणी बहिणी बदलून घालतात, त्यात काय मोठंसं! धाकटी झोपली असताना तिने दोन्ही डब्या स्वयंपाकघरातल्या फळीवर रिकाम्या केल्या आणि हिच्या तिच्यात, तिच्या हिच्यात भरल्या. कंपाउंडरने नव्या गोळ्या दिल्या की परत तेच. धाकटीला सांगितलं असतं तर तिने नियम मोडला म्हणून लगेच कंपाउंडरला जाऊन कळवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. थोडे दिवस गेले. धाकटीची जळजळ थांबली, रंग परत आला. आणि थोरलीचे गुडघे तर असे सुटले की ती शिडीवर चढून माळा झाडायला लागली. पोटात थोडी आग पडायची, पण थोरलीचं पोट म्हणजे भट्टी, खिळे घातले तरी वितळतील.

मोठ्या लोकांच्या सभेत डब्यांचं गुपित उघडलं त्या संध्याकाळी डॉक्टर उड्या मारत घरी आले. "वहिनी, ऐका गंमत! तुम्ही खडू खाल्लात!"

"मी नाही," थोरली म्हणाली. "खडू धाकटीने खाल्ला. मी डब्या बदलल्या होत्या."

डॉक्टरांचा चेहरा कुणी त्यांनाच काचेच्या नळीत टांगल्यासारखा झाला. त्यांनी तिला जिन्याखाली नेलं. तिला वाटलं, आता विचारतील, धाकटी कशी आहे, किती रक्त गेलं. त्यांनी विचारलं, "हे अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. धाकटीलाही नाही."

"तिला सांगू नका. कुणालाच सांगू नका. मी बघतो."

आणि थोरलीने विश्वास ठेवला. एका उपाशी बेडकासाठी महिन्याचं काम चुलीत घालणारा माणूस 'मी बघतो' म्हणतो, तेव्हा बघणारच. त्याच्या सभा, त्याची पुस्तकं परक्या भाषेतली. थोरलीला आपल्या भाषेतलं पोस्टकार्ड वाचायला सुद्धा चष्मा आणि अर्धा तास लागायचा. तिने तो विषय मनातून धुऊन टाकला.

"आणि डॉक्टर, तुमच्या पत्नींचं?" मुलगी विचारत होती. "पोट रुळण्याचा नियम त्यांच्यावरूनच सापडला ना?"

"कसला नियम?" थोरली म्हणाली.

मुलीला वाटलं, आजींना कौतुक ऐकायचंय. तिने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "गोळी सुरू केल्यावर पोटात जळजळ झाली तर घाबरून गोळी बंद करू नये. काही दिवसांत पोट रुळतं आणि त्रास आपोआप जातो. गोळीच्या पाकिटावर छापलेलं असतं, आजी. माझी आई रोज घेते. जळतं तिचं, पण मीच तिला सांगते, रुळेल म्हणून."

थोरली मुलीकडे बघत राहिली. मग डॉक्टरांकडे. डॉक्टर खिडकीकडे बघत होते, जिथून चांगला उजेड येत होता.

तिला एकदम सगळं समजलं. शिकलेल्या माणसाला लागला असता तेवढा वेळही तिला लागला नाही. धाकटीचं पोट बिघडलं, हे कंपाउंडरने टिपलं होतं. धाकटीचं पोट सुधारलं, हेही टिपलं होतं. डबी तीच. म्हणजे काय? म्हणजे पोट रुळलं! गोळी आपोआप मानवली! हा त्यांचा नियम. आणि तो खोटा आहे हे त्यांना जिन्याखाली उभं राहून थोरलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. तरी तो पाकिटांवर छापून घराघरांत गेला होता. किती घरांतल्या किती बायका 'रुळेल, रुळेल' म्हणत न्हाणीघराची भिंत धरून बसल्या असतील?

भिंत धरून.

थोरली ताडकन उठली. गुडघ्यांनी कटकट केली, तिने ऐकलं नाही.

स्वयंपाकघरात चहाचं पाणी उकळून उकळून आटत आलं होतं आणि धाकटी तिथे नव्हती. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. थोरलीने ते उघडलं. वास आधी आला. तोच. मध्ये इतकं आयुष्य गेलं, पण नाकाने तो एका क्षणात ओळखला. धाकटी हौदाच्या कडेवर बसून तांब्याने पाणी टाकत होती, आणि ते काळं डांबर फरशीवरून जायला तयार नव्हतं.

"ताई, तू कशाला आलीस?" धाकटी ओशाळून म्हणाली. "पाहुणे आहेत. जा ना बाहेर. मी साफ करतेय."

"कधीपासून?"

"होतंय मधूनमधून."

"गोळ्या घेतेस?"

धाकटीने तांब्या परत हौदात बुडवला.

"त्याच? तुला सांगितलं होतं ना मी, त्या गोळ्यांना हात लावायचा नाही म्हणून!"

"तू कधीचं सांगितलेलं ते! हिवाळ्यापासून गुडघे फारच धरले, मग यांनीच काढून दिल्या. मी म्हटलं, जळतंय हो. तर म्हणाले, तरुणपणीही जळलं होतं तुझं, मग रुळलं की नाही? तूच तर पहिली." बोलता बोलता धाकटीच्या चेहऱ्यावर थोडासा अभिमान आला, आणि तो बघून थोरलीला शिसारी आली. घाण समोर पडली होती, तिने नव्हे. या अभिमानाने. "उद्याचा सत्कार होऊ दे, ताई. मग दाखवेन कुणाला तरी. आत्ता काही बोलू नकोस."

थोरलीने तिच्या हातातून तांब्या घेतला आणि बाजूला ठेवला.

"तुझं पोट कधीच रुळलं नव्हतं गं," ती म्हणाली. "मी डब्या बदलल्या होत्या. तू खडू खात होतीस. म्हणून जगलीस."

धाकटीने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "यांना माहीत आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं."

"माहीत असून मला दिल्या?"

"हो."

धाकटी हसली की रडली ते थोरलीला कळलं नाही. आवाज निघाला तो तोंडातून नाही, मोडक्या बाजाच्या पेटीच्या भात्यातून निघाल्यासारखा. "ताई," ती म्हणाली, "मला चक्कर येतेय."

थोरलीने तिला दोन्ही हातांनी धरलं आणि न्हाणीघरातूनच हाक मारली. थोरलीची हाक म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधली कबुतरं उडायची. "अहो फोटोवाले! खाली गाडी आहे का तुमची? मग तो कॅमेरा ठेवा आणि इकडे या!"

फोटोवाला आला. चांगल्या घरचा असावा. दारात वास आला तेव्हा त्याने नाकाला हात लावला नाही, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि आत आला. "आजी, पाय धरा, मी खांदे धरतो," म्हणाला. दोघांनी धाकटीला बाहेरच्या खोलीत आणलं. तिच्या कपड्यांना काळे डाग पडले होते. तिच्या पायांवरून फरशीवर ठिपके पडत गेले, खुर्च्यांपर्यंत, नव्या पायपुसण्यापर्यंत.

मुलगी वही मिटून उभी राहिली. डॉक्टरही उभे राहिले. त्यांचा हात खिशाकडे गेला, रुमालापर्यंत पोचला आणि थोरलीची नजर बघून तिथेच थांबला.

"काय झालं?" ते म्हणाले.

"रक्त जातंय पोटातून. तुमच्या गोळीने. तेव्हा गेलं तसं."

"वहिनी." डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं, मग फोटोवाल्याकडे, मग दाराकडे. आवाज खाली आणला. "आत्ता नको. हे सगळं या मुलीसमोर... आपण नंतर बोलू."

जिन्याखाली त्यांनी विचारलं होतं, हे कुणाला माहीत आहे? आजही त्यांना तेवढंच हवं होतं. धाकटीच्या तोंडाकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"पोरी, वही उघड," थोरली म्हणाली. "लिही. खडू मी खाल्ला नाही, हिने खाल्ला. डब्या मी बदलल्या. यांना मी तेव्हाच सांगितलं. पोटबिट काही रुळत नाही. छाप ते. आणि आधी घरी जाऊन आईच्या हातातली गोळी काढून घे."

मुलीने वही उघडली नाही. तिने खिशातून फोन काढला आणि ती आईचा नंबर लावायला लागली.

"वहिनी, एवढं सोपं नसतं ते," डॉक्टर म्हणाले. ते खरोखर समजावत होते, विद्यार्थ्याला समजवावं तसं. "तोवर सगळं वाचून झालं होतं मोठ्या लोकांसमोर. एका डबीसाठी सगळं काम मागे घेतलं असतं, तर ती पद्धतच कुणी मानली नसती. पुढची सगळी औषधं... किती जीव वाचले त्या पद्धतीने, माहीत आहे तुम्हाला?"

"वाचले असतील," थोरली म्हणाली.

"आणि इतकी वर्षं तिला काही झालं नाही."

"कारण इतकी वर्षं तिने ती गोळी घेतली नाही, भाऊजी! तुम्हाला आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं?"

खोटं इतकी वर्षं सांगून इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यांचं बोट त्यावरून घसरलं, पकडायला कड सापडेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीला ते पाणी बघून दया आली नाही. नळीतल्या आतड्यावर थेंब पडला की ते आवळायचं, तसंच तिला वाटलं. बाहेरून थेंब पडला, आतून हललं, त्यात माणूस कुठे आहे?

"मी येतो बरोबर," डॉक्टर म्हणाले. "इस्पितळात मला ओळखतात."

"म्हणूनच येऊ नका," धाकटी पहिल्यांदाच त्यांच्या उलट बोलली. डोळे मिटलेलेच होते. "तिथे तुम्ही सांगाल, रुळेल."

फोटोवाल्याने तिला सावरत दाराबाहेर नेलं. मुलगी फोनवर ओरडत होती, "आई, ऐक ना, गोळी घेऊ नकोस, का ते नंतर सांगते, थुंकून टाक आधी!" थोरलीने पायात चप्पल घातली. उंबऱ्यापाशी ती वळली. डॉक्टर फरशीवरच्या काळ्या ठिपक्यांच्या मध्ये उभे होते आणि एक पाय जरा उचललेला होता, बूट भरू नये म्हणून.

"तुमचे बेडूक माझ्या अंगावर चढले, आतडी माझ्या घरात लोंबली, मला ओकाऱ्या आल्या, पण तुमची किळस मला कधी आली नव्हती," थोरली म्हणाली. "आज आली. उपाशी बेडकासाठी तुम्ही महिन्याचं काम जाळलंत, आणि बायकोसाठी एक वाक्य खोडलं नाहीत. तो पाय खाली टेका, भाऊजी. तुमचीच घाण आहे ती. माझी बहीण घरी येईपर्यंत फरशी तुम्ही पुसायची, हाताने. आणि नाकाला रुमाल लावायचा नाही."